त्वचेवरचे मलम आणि पेशीतला हुकूम

२०२४ सालचा डिसेंबर सरता सरता आणि २०२५ चा जानेवारी उजाडता उजाडता बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात वसलेल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा अशा लहान लहान गावांतून, आधी डोके खाजते, मग केस राठ होतात, मग नुसते ओढले तरी मूठभर हातात येतात आणि तीन-चार दिवसांत टाळू उघडी पडते, अशी कैफियत घेऊन पुरुष, बायका आणि शाळकरी मुले दवाखान्यांच्या दारात उभी राहिली, तेव्हा ज्या व्याधींकडे आपले आरोग्यखाते एरवी सौंदर्याचा प्रश्न म्हणून काणाडोळा करते, त्यांतल्याच एका व्याधीसाठी जिल्हा परिषदेपासून दिल्लीपर्यंतची सारी यंत्रणा एकाएकी कामाला लागली. पाण्याचे नमुने गेले, टाळूच्या त्वचेचे सूक्ष्म तुकडे तपासणीस रवाना झाले, कोणी पाण्यातील क्षार आणि नायट्रेटला दोष दिला, कोणी बुरशीला, कोणी शाम्पूला. वृत्तपत्रांत आलेल्या आकड्याप्रमाणे १८ गावांतील २७९ माणसांना या प्रकाराची झळ पोचली. काही आठवडे सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी हाच विषय होता, आणि मग, आपल्याकडे नेहमी होते तसे, तो मागे पडला.

तो मागे पडू नये असे मला मनापासून वाटते, आणि त्याचे कारण केवळ त्या गावांविषयीची कणव हे नाही. शेगावच्या घटनेने एक गोष्ट उघड केली: मनुष्याची त्वचा आणि तिच्यातून उगवणारे केस व नखे ही शरीराची निर्जीव साल नसून, रक्तातून, अन्नातून आणि बाहेरून लावलेल्या द्रव्यांतून येणाऱ्या बारीकसारीक संदेशांना अहोरात्र उत्तर देणारे ते एक जागते इंद्रिय आहे, आणि ज्या इंद्रियाचा कारभार इतका नाजूक, त्याच्याशी आपण समाज म्हणून फार बेपर्वाईने वागत आलो आहोत.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांनी कोकणातील लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून असंख्य प्राण वाचवले आणि ज्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी उतारवयात पदरमोड करून या गावांचा शोध घेतला. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम हे मूलद्रव्य अनुक्रमे ३५, ६० आणि १५० पटींनी वाढलेले, आणि जस्त मात्र घटलेले, असे त्यांनी नोंदवले. आणि संशयाचे बोट ठेवले ते रेशन दुकानातून मिळालेल्या, पंजाबकडून आलेल्या गव्हावर. त्यांनी करवून घेतलेल्या तपासणीत एका किलो गव्हात १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले, धुतलेल्या गव्हातही १३.६१, जेव्हा सुरक्षित मर्यादा त्यांनी १.९ मिलिग्रॅम धरली होती. तो गहू खाणे थांबल्यावर पाच-सहा आठवड्यांत काहींचे केस पुन्हा उगवू लागले. पुढे एप्रिलमध्ये त्याच भागातल्या काही जणांची नखे विद्रूप होऊन गळू लागल्याचे वृत्त आले.

वैद्यकाला हे चित्र अपरिचित नव्हते. चीनच्या हुबेई प्रांतातील एनशी भागात १९६० नंतरच्या दशकात केस आणि नखे गळण्याची जी साथ आली, तिचे मूळ जमिनीतून धान्यात उतरलेल्या सेलेनियमातच सापडले होते. आणि खुद्द पंजाबातील होशियारपूर व नवांशहर या जिल्ह्यांत सेलेनियमयुक्त जमिनीचे पट्टे आहेत, तिथला चारा खाऊन गुरांची शिंगे-खूर बिघडतात, केस झडतात, हे कृषिशास्त्रज्ञांनी कित्येक दशकांपूर्वी लिहून ठेवले आहे. म्हणजे माहिती होती; ती गोदामातून गाडीत, गाडीतून रेशन दुकानात आणि तिथून पिठाच्या डब्यात गेलेल्या धान्याबरोबर मात्र प्रवास करू शकली नाही.

आता प्रश्न असा, की अन्नातून गेलेल्या विषाने आपली पहिली खूण केसांवर आणि नखांवरच का उमटवावी? एक उत्तर रसायनशास्त्र देते. केस व नखे ज्या केराटिन नामक प्रथिनाची बनतात त्याचा कणखरपणा गंधकाच्या अणूंच्या परस्पर बंधांवर अवलंबून असतो, आणि सेलेनियम हे गंधकाचेच सगोत्र असल्याने अतिरिक्त झाल्यास त्याची जागा बळकावून ते बंध दुबळे करते, असे मानले जाते. पण केस म्हणजे नुसती केराटिनची दोरी नव्हे. त्वचेत खोल रुतलेले त्याचे मूळ हे जिवंत असून वाढ, ऱ्हास आणि विश्रांती अशा चक्रातून जन्मभर फिरत असते. ते चक्र कधी पुढे सरकावे आणि कधी थांबावे, हे ठरवण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे ती प्रथिने म्हणजे पेशीच्या केंद्रकात काम करणारे ग्राही, ज्यांना आजचे वैद्यक न्यूक्लिअर रिसेप्टर म्हणते. त्वचेच्या आरोग्याचा आणि अनारोग्याचा बराचसा इतिहास या एका प्रथिनकुलाच्या भोवती फिरतो, आणि तरीही सामान्य मराठी वाचकापर्यंत त्याचे नावसुद्धा पोचलेले नाही, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे मला आवश्यक वाटते.

पेशीच्या केंद्रकात त्या जीवाची सारी जनुके, जुन्या मामलेदार कचेरीच्या दप्तरखान्यात सबंध तालुक्याचे कागद रुमालांत बांधून ठेवलेले असत त्याप्रमाणे, बांधून ठेवलेली असतात. सगळे रुमाल रोज सुटत नाहीत. कोणता सोडायचा आणि कोणता बांधलेलाच राहू द्यायचा हे बाहेरून येणाऱ्या हुकुमावर ठरते. थायरॉईड, अधिवृक्क आणि जननग्रंथी यांची संप्रेरके, तसेच अ आणि ड या जीवनसत्त्वांपासून घडणारी द्रव्ये हे ते हुकूम होत, आणि हुकूम हाती घेऊन नेमका रुमाल काढणारा जो कारकून, तो हा ग्राही. यांतले काही, उदाहरणार्थ अधिवृक्काच्या कॉर्टिसोल या संप्रेरकाचा ग्राही, केंद्रकाच्या दाराबाहेर बसून असतात आणि हुकूम हातात पडल्यावरच आत जातात. काही, जसे थायरॉईडच्या संप्रेरकाचे आणि अ जीवनसत्त्वाचे, मुळातच आत दप्तरांवर ठाण मांडून असतात आणि हुकूम येईपर्यंत ते दप्तर कोणाला उघडू देत नाहीत.

मनुष्याच्या देहात असे एकंदर ४८ ग्राही आहेत. एलवुड जेन्सन यांनी १९५८ च्या सुमारास किरणोत्सर्गी खूण केलेल्या इस्ट्रोजेनचा माग काढून यातल्या पहिल्याची चाहूल लावली, रोनाल्ड इव्हान्स यांच्या प्रयोगशाळेने १९८५ साली कॉर्टिसोलच्या ग्राहीचे जनुक वाचले, फ्रान्सच्या पिएर शाँबोन यांनी समांतर काम केले, आणि २००४ साली या तिघांना लास्कर पारितोषिक देण्यात आले. हे ग्राही डीएनएला ज्या भागाने धरतात, त्या भागाची घडी जस्ताच्या दोन अणूंवर उभी असते. प्रत्येक अणूला प्रथिनातील चार सिस्टिन धरून ठेवतात. जस्ताशिवाय ती घडी उभीच राहत नाही.

केसाच्या मुळाशी या ग्राहींचा अंमल किती सखोल आहे, याचे सर्वांत बोलके उदाहरण ड जीवनसत्त्वाच्या ग्राहीचे. ज्या बालकांत जन्मतःच या ग्राहीचे जनुक बिघडलेले असते त्यांना मुडदूस तर होतोच, पण त्यांतल्या पुष्कळांचे जन्माच्या वेळचे जावळ पहिल्या काही महिन्यांत झडून जाते आणि पुन्हा येत नाही. विलक्षण गोष्ट ही, की केवळ ड जीवनसत्त्वाच्या अभावाने मुडदूस झालेल्या बालकाला असे टक्कल पडत नाही. म्हणजे केसाचे चक्र पुन्हा सुरू होण्यासाठी हुकूम पोचला नाही तरी चालेल, पण तो ग्राही आपल्या जागी हजर असावाच लागतो. दुसरे उदाहरण पुरुषी संप्रेरकांच्या ग्राहीचे: तेच संप्रेरक हनुवटीवरचा केस जाड करते आणि कपाळावरचा बारीक करत करत नाहीसा करते, कारण एकाच हुकुमाचा अर्थ प्रत्येक ठिकाणची पेशी आपापल्या परीने लावते. थायरॉईडचे संप्रेरक कमी पडले की केस विरळ आणि राठ होतात हे तर गावातल्या बायकाही अनुभवाने जाणतात. ते संप्रेरक ज्या विकरांमुळे आपल्या कार्यक्षम रूपात येते, त्या विकरांच्या गाभ्यात सेलेनियम असते. ज्या मूलद्रव्याच्या अतिरेकावर शेगावच्या केसगळतीचा संशय गेला, तेच सूक्ष्म मात्रेत देहाला अत्यावश्यक आहे. शेगावच्या रुग्णांत जस्ताच्या घटीने या ग्राहींचे काम बिघडले, असे कोणी सिद्ध केलेले नाही, आणि ते सिद्ध झाल्याप्रमाणे मी सांगणार नाही. पण तिथल्या केसांवर, रक्तावर आणि धान्यावर पुढचे संशोधन करणाऱ्याने हा दुवाही तपासून पाहावा, असे म्हणण्याइतका तो रास्त खचित आहे.

एवढे सगळे सांगण्याचा माझा खरा हेतू मात्र वेगळा आहे. शेगावला जे घडले ते अजाणता आणि अन्नावाटे घडले; परंतु या ग्राहींना चुकीचे हुकूम देण्याचे एक काम आपण जाणूनबुजून, पैसे मोजून, बुलढाणा जिल्ह्यातल्याच नव्हे तर देशातल्या प्रत्येक तालुक्याच्या बाजारपेठेत रोज करीत आहोत, आणि त्यासाठी ना दिल्लीचे पथक येते, ना कोणी नमुने नेते. मी बोलतो आहे ते स्टेरॉइडयुक्त मलमांविषयी.

कॉर्टिसोन या स्टेरॉइडच्या शोधासाठी केंडल, राइशस्टाइन आणि हेंच यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९५२ साली सुल्झबर्गर व विटेन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून इसबासारख्या व्याधींना उतार पडतो हे दाखवले. त्वचारोगशास्त्राच्या इतिहासात इतका मोठा दिलासा क्वचितच कोणत्या औषधाने दिला असेल, आणि योग्य हातात ते आजही अमृतासमान आहे, हे मी निःसंकोच सांगतो. पण ते औषध कार्य करते ते कॉर्टिसोलच्या ग्राहीमार्फत, म्हणजे थेट केंद्रकात शिरून. दाह उत्पन्न करणाऱ्या जनुकांना ते गप्प बसवते. त्याबरोबरच त्वचेला बळ देणाऱ्या कोलॅजनची निर्मितीही मंदावते. पुढल्या वीस-पंचवीस वर्षांत रसायनशास्त्रज्ञांनी याची अधिकाधिक उग्र रूपे घडवली, त्यांतले क्लोबेटासोल तर मूळ हायड्रोकॉर्टिसोनच्या कित्येकशे पट तीव्र आहे, आणि ते सलग दोन आठवड्यांहून अधिक आणि आठवड्याला ५० ग्रॅमहून जास्त वापरू नये असा दंडक आहे.

आणि आपल्याकडे होते काय? शेगावसारख्या घाटाखालच्या तालुक्यांत चैत्र-वैशाखाचे ऊन, दिवसभर शेतात घामाने भिजलेले घट्ट कपडे, पाण्याची टंचाई, एका घरात एकच टॉवेल, यांतून जांघेत किंवा कंबरेशी गजकर्ण उठते. तालुक्याला त्वचेचा डॉक्टर नसतो, असला तर मजुरी बुडवून जावे लागते; म्हणून माणूस आठवडी बाजाराच्या दिवशी औषधाच्या दुकानात जाऊन खाजेची ट्यूब मागतो, आणि त्याच्या हातात जी पडते तिच्यात बहुधा एक बुरशीनाशक, एक जिवाणूनाशक आणि क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन एकत्र कालवलेले असते. दोन दिवसांत खाज थांबते. माणसाला वाटते, औषध गुणकारी आहे. प्रत्यक्षात झालेले असते एवढेच, की त्वचेची जी प्रतिकारयंत्रणा बुरशीशी झगडताना लालसरपणा आणि खाज उत्पन्न करीत होती, तिलाच स्वस्थ बसण्याचा हुकूम मिळालेला असतो, आणि बुरशीला मोकळे रान मिळते. ट्यूब संपली की रोग दुपटीने उफाळतो, त्याच्या वर्तुळाकार कडा पुसट होऊन तो ओळखूही येईनासा होतो. या रूपपालटाचे वर्णन इंग्लंडमध्ये १९६८ सालीच प्रसिद्ध झाले होते. मग दुसरी ट्यूब, मग घरातल्या दुसऱ्यालाही तीच.

यात शरीराच्या जागेचाही मोठा फरक पडतो. फेल्डमन आणि मैबाख यांनी १९६७ साली मोजून दाखवले की हायड्रोकॉर्टिसोन कोपराखालच्या हाताच्या आतल्या त्वचेतून जितके शोषले जाते त्याच्या सहा पट कपाळातून, तेरा पट जबड्याच्या कडेतून आणि बेचाळीस पट वृषणाच्या त्वचेतून शोषले जाते. म्हणजे नेमक्या ज्या जागी लाजेपोटी कोणाला न दाखवता हे मलम चोळले जाते, तिथेच ते सर्वाधिक आत जाते. जांघेत कायमचे फाटल्यासारखे पट्टे उमटतात, त्वचा कागदाइतकी पातळ होते. आणि ज्या मुली लग्नाआधी रंग उजळावा म्हणून अशाच ट्यूबा चेहऱ्याला महिनोन्‌महिने लावतात, त्यांचा चेहरा लाल होतो, पुळ्यांनी भरतो, ओठांवर आणि गालांवर लव वाढते, ऊन सोसवत नाही, आणि मलम थांबवावे तर आग होते म्हणून थांबवता येत नाही. मुलीच्या रंगावरून तिची किंमत करणाऱ्या घराघरांवर या विद्रूपतेची जबाबदारी आहे, असे मी स्पष्ट म्हणतो.

या सगळ्याचे फळ आता देशाची वेस ओलांडून गेले आहे. टर्बिनाफिन या हुकमी औषधाला दाद न देणारी गजकर्णाची जी बुरशी भारतात फोफावली, तिला २०२० साली शास्त्रज्ञांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. त्या नावातच आपला देश गोवला गेला आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचे रुग्ण नोंदले गेले. तिच्या फैलावाला कारणे अनेक असतील, पण अर्धवट उपचार आणि स्टेरॉइडमिश्रित मलमे ही त्यांतली प्रमुख आहेत, असे भारतातील त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षे सांगत आले आहेत.

कायदा नाही असे नाही. पूर्वी औषध नियमांच्या ‘एच’ अनुसूचीत अशी मुभा होती, की बाहेरून लावायच्या औषधांना डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन नाही. आणि त्या एका ओळीच्या आडोशाने ही सारी मलमे साबणासारखी विकली जात होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने सतत पाठपुरावा केल्यावर २०१८ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून स्टेरॉइड मलमांची ती सूट काढून घेतली. त्याच सुमारास अनेक अशास्त्रीय मिश्रणांवर मनाईहुकूमही निघाले. पण राजपत्रात छापलेला मजकूर आणि बाजारातली वहिवाट यांच्यात जे अंतर असते ते अंमलबजावणीने मिटते, आणि अंमलबजावणी करणाऱ्या अन्न व औषध प्रशासनाकडे पुरेसे निरीक्षक नाहीत, हे गाऱ्हाणे जुने आहे. ते गाऱ्हाणे खरे असले तरी त्याने सुटका होत नाही.

याच प्रथिनकुलाला योग्य हुकूम दिला तर काय साधते, तेही सांगितलेच पाहिजे, नाहीतर वाचक औषधमात्राला भिऊ लागेल. सोरायसिसच्या जाड खवल्यांवर लावायचे कॅल्सिपोट्रिऑल हे ड जीवनसत्त्वाच्या ग्राहीमार्फत पेशींची बेफाम वाढ आवरते. मुरुमांवरचे ट्रेटिनोइन, ज्याचा उपयोग क्लिगमन यांनी १९६९ मध्ये मांडला, ते अ जीवनसत्त्वाच्या ग्राहींवर काम करते. पण याच वर्गातले आयसोट्रेटिनोइन पोटात घेतले असता गर्भाला भयंकर व्यंग आणू शकते, म्हणून ते घेणाऱ्या स्त्रीने गर्भधारणा टाळावी आणि औषध थांबवल्यानंतरही निदान एक महिना थांबावे असा सक्त नियम आहे. हे वाक्य प्रत्येक महाविद्यालयीन मुलीच्या कानी पडायला हवे.

माझी मागणी साधी आहे. २०२४ पासून बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. त्याच्या त्वचारोग विभागाने आठवड्यातून एक दिवस घाटाखालच्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात बसावे, अशी तजवीज जिल्हा प्रशासनाने करावी. गजकर्णाची खवली पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची तपासणी इतकी स्वस्त आहे, की ती प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ नये याला कोणतीही सबब नाही. त्वचेच्या तक्रारींची नोंदवही प्रत्येक केंद्रात असावी, म्हणजे पुन्हा कुठे केस गळू लागले तर ती बातमी वृत्तपत्राआधी आरोग्य अधिकाऱ्याच्या दप्तरी दाखल होईल. परप्रांतातून आलेल्या रेशनच्या धान्यातील सेलेनियमची तपासणी गोदामातच व्हावी, आणि शेगावच्या प्रकरणात जे जे निष्कर्ष शासनाच्या हाती आले असतील ते मराठीत, त्या त्या गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवले जावेत. ज्यांच्या अंगाचे नमुने नेले त्यांचा तो हक्क आहे.

औषधविक्रेत्यांनाही माझे सांगणे आहे. गावात तुमच्या शब्दाला डॉक्टरांच्या शब्दाइतका मान आहे. चिठ्ठीवाचून स्टेरॉइडची ट्यूब देऊ नका, आणि मागणाऱ्याला ती का देत नाही हे दोन वाक्यांत समजावून सांगा.

आणि वाचकांनो, घरात जी ट्यूब असेल ती आजच हातात घेऊन तिच्यावरची बारीक अक्षरे वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले आणि ती डॉक्टरांनी दिलेली नसेल, तर ती गजकर्णावर, चेहऱ्यावर किंवा लहान मुलाच्या अंगावर लावू नका. पुष्कळ दिवस लावत आला असाल तर मात्र आपल्या मनाने एकदम बंद न करता, ट्यूब बरोबर घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि किती दिवस लावली ते त्यांना खरे सांगा.